उलटा बसलेला रॉबिन

आमच्या शारजात पाऊस रोज साडेचारला यायचा. हसू नका, ज्यांची पोरं आमच्या सरांबरोबर बागेत गेली आहेत त्यांना विचारा. अल मजाजच्या बागेत बलदियाचे, म्हणजे तिथल्या म्युनिसिपालटीचे, हिरवळीवरचे फवारे साडेचारला सुरू व्हायचे, आणि सर चौथीच्या पोरांना रेनकोट चढवून त्याखालून चालवत न्यायचे. कारण पुस्तकात लिहिलं होतं की निसर्ग बघायला पाऊस पडून गेल्यावर जावं. आता शारजात खऱ्या पावसाची वाट बघत बसलं तर पोरं कॉलेजात जातील. म्हणून सरांनी तिथल्या बंगाली माळ्याशी दोस्ती केली आणि पाऊस आपल्या ताब्यात घेतला. एकदा पंप बिघडला तर वर्गात सांगून मोकळे झाले, "उद्या दुष्काळ आहे. गणिताची वही आणा."

पंच्याण्णव-शहाण्णवचा सुमार असेल. आम्ही लगूनकाठच्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर, आणि समोरच्या दारात सर आणि त्यांची आई. सर मूळचे साताऱ्याकडचे, बॉटनी शिकलेले, पस्तिशी ओलांडलेले, बिनलग्नाचे. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायचे, "अजून आढळली नाही." आईला सगळी बिल्डिंग आक्का म्हणायची. सर मात्र तोंडावरसुद्धा म्हातारी म्हणत. "म्हातारीला जेवायला घालून आलोच," "म्हातारी आज रुसलीय." पहिले पहिले मला ते कानाला टोचायचं. मग एकदा साखर मागायला गेले तर सर खाली बसून आक्कांच्या घोट्यांना तेल चोळत होते आणि म्हणत होते, "म्हातारे, पाय सोड जरा." त्यानंतर नाही टोचलं.

आमची मुग्धा त्यांच्याच शाळेत. शाळा आधी साधीच होती, आपल्याकडच्यासारखी. मग मालकाच्या मनात आलं, ब्रिटिश करायची. म्हणजे काय केलं? पाटी बदलली, फी वाढवली, हेडमिस्ट्रेस म्हणून एक गोऱ्या मॅडम आणल्या आणि पुस्तकं इंग्लंडहून मागवली. मास्तर तेच ठेवले. सायन्सच्या पुस्तकात पहिलाच धडा असा, की आपल्या जवळच्या बागेत जा आणि नेहमी दिसणारे हे सोबती शोधा. सोबत एक मोठा रंगीत तक्ता. त्यात रॉबिन, हंस, खार, हेजहॉग, सीगल, ब्लूबेल, बटरकप, फॉक्सग्लोव्ह, डँडेलायन. नेहमी दिसणारे म्हणे! आम्हाला नेहमी दिसायच्या त्या मांजरी आणि बांधकामाच्या क्रेन.

दुसऱ्या एखाद्या मास्तराने तो धडा ऑप्शनला टाकला असता. सर म्हणाले, "पुस्तक चुकत नसतं वहिनी, आपली नजर कच्ची असते."

आणि नजर पक्की करायला निघाले. पुस्तकात काय घालून जावं तेही दिलं होतं, त्याप्रमाणे पायात गुडघ्यापर्यंतचे हिरवे गमबूट. मे महिन्यात! घरी आले की बूट उलटे करायचे आणि त्यातून घामाचं पाणी बाल्कनीत ओतायचे. गळ्यात दुर्बीण, आणि तो तक्ता सेफ्टी पिनांनी पाठीवर लावलेला. म्हणजे मागून येणाऱ्या पोरांना चालता चालता बघता यावा. रस्त्याने जाणारे अरब गाडीचा वेग कमी करून त्यांची पाठ वाचायचे. आमचे हे म्हणायचे, हा माणूस एक दिवस जाहिरातीच्या लायसनवाचून पकडला जाणार.

बरं, शोधायचे तरी कसे, ते ऐका. रॉबिन म्हणजे छाती लाल असलेला छोटा पक्षी. बागेत होते बुलबुल, आपले नेहमीचे, शेपटीखाली लाल. सरांनी दुर्बिणीतून खूप वेळ पाहिलं आणि निकाल दिला की रॉबिनच आहे, फक्त उलटा बसलाय. मुग्धा म्हणाली, "बट सर, द रेड इज ऑन हिज बॉटम." सर म्हणाले, प्रवास किती लांबचा आहे बाळ, रंग घसरणारच. हंस तर त्याहून सोपा. लगूनमध्ये पायडलच्या होड्या होत्या, पांढऱ्या, वाकड्या मानेच्या. मी म्हटलं, सर, अहो ती फायबरची होडी आहे. तर मलाच विचारतात, "जिवंत पाहिजे असं कुठे लिहिलंय?" मी तक्ता नीट वाचला. खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं.

फॉक्सग्लोव्हचं त्यांनी कोल्हेमोजा केलं होतं, बटरकपचं लोणीवाटी. बलदियाने लावलेल्या रंगीत फुलांच्या वाफ्यात पोरं "कोल्हेमोजा, कोल्हेमोजा" ओरडत हिंडायची आणि माळी बिचारा मोजा शोधायला लागायचा. एक सीगल मात्र शंभर टक्के खरे. हिवाळ्यात लगूनवर थव्याने यायचे. सर त्यांना साहेब म्हणत. "थंडीत इकडे येतात, ऊन तापलं की घरी जातात. आपल्या मॅडमसारखेच."

आणि एकदा, सांगते ते खोटं वाटेल, खरोखरीचा हेजहॉग सापडला. तिथल्या वाळूत असतो म्हणे तो, काट्यांचा चेंडू करून बसणारा. सर त्याला टोपीत घालून घरी घेऊन आले, पोरांना दाखवायला सकाळपर्यंत ठेवायचा म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि दूध आणायला खाली बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे गेले. इकडे आक्कांना मोतीबिंदू. त्यांना वाटलं पोराने नारळ आणला. चटणीला काढावा म्हणून त्यांनी कोयता घेतला, हात लावणार तेवढ्यात नारळ चालायला लागला. आक्का किंचाळल्या वगैरे नाहीत हं. माझ्या दारात येऊन शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, इकडचे नारळ तुम्ही पकडून ठेवता का?" गडबडीत ते जनावर उघड्या दारातून जिन्याने उतरून गेलं. पोरांनी पाहिलं नाही, मॅडमनी विश्वास ठेवला नाही. सर पुढे आठवडाभर आईशी मोजकंच बोलत होते.

आता मुद्द्यावर येते. वर्षाच्या शेवटी शाळा तपासायला इंग्लंडहून एक साहेब यायचा होता. तो नेमका सरांचा बागेतला तास बघणार होता. मॅडमनी सरांना बोलावून स्वच्छ सांगितलं की साहेबाच्या तोंडून "सॅटिसफॅक्टरी" एवढा शब्द निघाला पाहिजे. नाही निघाला तर जूनमध्ये खलास, कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू नाही. तुम्ही गल्फमध्ये राहिला असाल तर सांगायला नको. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मुलाच्या व्हिसावर आईचा व्हिसा. गावचं घर सरांनी चुलतभावांना देऊन टाकलेलं. परत जाऊन उतरायचे कुठे दोघं? सर मला एवढंच म्हणाले, "वहिनी, तक्त्यातलं काहीतरी एक अगदी पुस्तकासारखं हातात पाहिजे. साहेबाला वाद घालता येऊ नये असं."

ते सापडलं बागेतल्या पंपहाऊसमागे. कातरलेल्या पानांचं, पिवळ्या फुलाचं एक रोप. सर म्हणाले, डँडेलायन. मला तर ते आपल्या पाथरीच्या भाजीसारखं दिसलं, पण मी गप्प बसले. पुस्तकात त्या फुलाचं शेवटचं रूप दिलं होतं, पांढऱ्या मऊ तंतूंचा गोल गेंद. आता तेवढा गेंद तपासणीच्या दिवसापर्यंत टिकला पाहिजे. वारा लागू नये म्हणून सरांनी त्यावर चहाचा प्लास्टिकचा ग्लास पालथा घातला, ग्लासाला सुईने भोकं पाडली आणि माळ्याला तिथे गवत कापायची बंदी केली. सकाळ-संध्याकाळ जाऊन ग्लास उचलून बघायचे. एखाद्या आजारी माणसाच्या खोलीत डोकवावं ना, तसं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी माझा फोन वाजला. बागेतल्या कार्डाच्या फोनवरून सर बोलत होते. आवाज पार बसलेला.

"वहिनी, म्हातारी गेली."

मी म्हटलं, अहो, कधी?

"आत्ताच. साडेपाचला. माझ्या डोळ्यांदेखत. उद्या साहेब यायचाय आणि आज गेली हो." पुढे हुंदका, आणि कार्ड संपून फोन बंद.

मी काय समजणार, तुम्हीच सांगा. दुपारी आक्का बागेत जायचं म्हणत होत्या खऱ्या. मी आधी ह्यांना ऑफिसात फोन केला. ह्यांनी आपल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींना केला. आमचे सेक्रेटरी म्हणजे कामाला वाघ, एरवी गणपतीची वर्गणी मागताना सहा महिने घेतील पण मयतीला तासात हजर. परदेशात मृत्यू म्हणजे साधं का असतं? कागद, कॉन्सुलेट, विमान. त्यांनी कागदांची चौकशी सुरू केली, फोनाफोनी केली, आणि तासाभरात अल मजाजमधली, रोल्यातली, दुबईतलीसुद्धा आपली माणसं पांढऱ्या कपड्यांत आमच्या बिल्डिंगखाली जमली. कुणी तुळस आणली होती, कुणी गंगाजल. खालच्या नातूरने, म्हणजे वॉचमनने, मान खाली घालून लिफ्ट धरून ठेवली.

आक्कांना घेऊन सर परतले असतील, म्हणून त्यांच्या दाराची बेल मीच दाबली. दार उघडलं आक्कांनी.

मागे एक वहिनी होत्या त्या भिंतीला टेकल्या. आक्का आनंदल्या. "या की, या. सगळे एकदम? आज काय सण आहे?" आणि आम्ही मुकाट आत जाऊन सतरंजीवर बसलो. दुसरं सुचेना. आक्कांनी मोठं पातेलं चढवलं आणि चहा केला. आता प्रश्न पाहा केवढा. सुतकाच्या घरी चहा घेत नाहीत, पण चहा करून देतेय ती खुद्द गेलेली बाई. घ्यायचा की नाही? सगळे कप हातात धरून सेक्रेटरींकडे बघत राहिले.

आक्काही शहाण्या. पांढरे कपडे, तुळस, गंगाजल बघून खाली बसल्या. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

सेक्रेटरी खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "तुम्ही."

"कधी?"

"साडेपाचला."

आक्कांनी आठवून पाहिलं. "साडेपाचला मी चवळी निवडत होते." मग मला म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं?" मी फोनवरचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या हसायला लागल्या ते पदर तोंडात धरेपर्यंत. "अगं, ती म्हातारी! बागेतली! पांढरी, फुंकर मारली की उडते ती. लहानपणी पकडली नाहीस का कधी? दोन आठवडे पोरगा तिच्याच मागे आहे."

आपल्याकडे त्या उडणाऱ्या पांढऱ्या तंतूंना म्हातारीच म्हणतात, हे मला का आठवू नये? पण शारजाच्या सातव्या मजल्यावर हातात फोन घेऊन उभं असताना कुणाला आठवतं?

मग चहा प्याले सगळे. आक्का प्रत्येकाचा चेहरा निरखत होत्या. म्हणाल्या, "एवढी माणसं? गावाकडे खरंच मेले असते तरी आली नसती." आणि आम्हाला शपथ घातली की पोराला यातलं काही सांगायचं नाही, उद्या त्याची परीक्षा आहे, आधीच बिथरलाय. म्हणून सर परत यायच्या आत आम्ही पांगलो.

एक गोष्ट मात्र सेक्रेटरींनी आमच्यापासून लपवली. त्यांनी मॅडमना फोन करून सरांच्या आई गेल्याचं कळवलं होतं. घरी जाऊन त्यांनी पुन्हा फोन लावला, तर पलीकडे मशीन. निरोप ठेवा म्हणाली. गेलेली बाई गेलेली नाही आणि गेलं ते फूल होतं, हे इंग्रजीत कसं मांडावं ते न सुचून त्यांनी फोन ठेवून दिला. हे त्यांनी पुढे खूप दिवसांनी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत होते. पोरांना सांभाळायला दोन-तीन आयांना बोलावलेलं असे. सर गमबूट घालून, पाठीवर तक्ता लावून उभे, डोळे सुजलेले. साहेब आला. उंच, वयस्क, उन्हाने लाल झालेला. त्याने टोपी काढली, सरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "आय अॅम सो सॉरी फॉर युअर लॉस."

सरांना भरून आलं. मला नंतर म्हणाले, त्या क्षणी कळलं की या लोकांनी जगावर राज्य का केलं. एका फुलासाठी टोपी काढतात.

"थँक यू सर," सर म्हणाले. "शी वॉज व्हेरी फाइन स्पेसिमेन."

म्हातारी आपल्या मराठीत ती, म्हणून सरांच्या इंग्रजीतही ती. साहेब जरासा थबकला. मग त्याने विचारलं, शेवटी फार त्रास तर झाला नाही ना?

"नो सर. वन विंड, फिनिश. आय वॉज कीपिंग हर अंडर प्लास्टिक ग्लास. ओन्ली वन मिनिट आय रिमूव्ह्ड, फॉर एअर."

मॅडमनी फाइल छातीशी धरली. साहेबाने वय काय होतं असं काहीतरी विचारलं.

"फुल राइप सर. कम्प्लीट व्हाइट हेड." साहेबाचा चेहरा उतरलेला बघून सरच त्याला धीर द्यायला लागले. "डोन्ट वरी सर. वन मोर इज कमिंग. बिहाइंड टॉयलेट."

तेवढ्यात फाटकातून आक्का आल्या, हातात डबा. सर सकाळी उपाशी निघून आले होते. "अरे, दोन घास खाऊन घे आधी," त्या म्हणाल्या.

साहेबाने या बाई कोण म्हणून विचारलं. सर म्हणाले, "माय मदर, सर."

मॅडमच्या तोंडून निघून गेलं की ती तर काल वारली. सर गर्रकन त्यांच्याकडे वळले. "माय मदर? व्हेन?"

आता गप्प राहून चालणारच नव्हतं. मी बोलायला गेले तर माझं इंग्रजी 'म्हातारी'पाशीच अडलं. शेवटी आमची मुग्धा पुढे झाली आणि तिने दोन म्हाताऱ्या समजावून सांगितल्या. एक उडते ती, एक डबा आणते ती. साहेब बाकावर बसला. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय तेच कळेना, कारण चेहरा टोपीत घातलेला.

पण मॅडम हसत नव्हत्या. त्यांनी फाइल उघडली आणि तासाला सुरुवात करायला सांगितली. साहेब डोळे पुसून उठला, सरांच्या पाठीमागे गेला आणि तक्त्यावर एकेका चित्रावर बोट ठेवायला लागला. सर पाठमोरे, त्यांना दिसत काहीच नव्हतं, फक्त पाठीवर बोट कळत होतं. साहेबाने विचारलं, रॉबिन आहे?

"येस सर. ओन्ली..." सर थांबले. समोर आक्का डबा घेऊन उभ्या. सरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटतं, आईच्या मरणाची चर्चा ऐकल्यावर माणसाच्या अंगातला जोर जातो. "नो सर," ते म्हणाले. "नो रॉबिन. बुलबुल."

हंस? बोट सरकलं. नो सर, बोट. ब्लूबेल? नो सर, म्युनिसिपालटी. एकेक चित्र जात होतं आणि सर लहान होत होते. सीगलला आणि हेजहॉगला तेवढं येस म्हणाले, आणि हेजहॉगचं कुणी मानणार नाही हेही सांगून टाकलं. मॅडमनी पेन काढलं.

तेव्हा मुग्धा म्हणाली, "वी नो इट्स अ बुलबुल, सर. एव्हरीबडी नोज. वी जस्ट से रॉबिन सो दॅट सर विल बी हॅपी."

सगळी पोरं माना हलवायला लागली. साहेब खाली वाकला आणि त्यांना विचारलं की मग त्या बुलबुलाचं तुम्हाला काय काय माहिती आहे. झालं! एकजण म्हणतोय त्याचं घरटं जांभळ्या फुलांच्या वेलीत आहे, दुसरी म्हणतेय दोन पिल्लं होती, एक मांजरीने नेलं. तिसऱ्याला तो कुठल्या दिव्याच्या खांबावर बसून ओरडतो ते ठाऊक. सीगल कधी येतात, मांजरींतली कुठली पोटुशी आहे, पंपहाऊसमागच्या फुलाला मुंग्या का लागतात, पाऊस साडेचारलाच का येतो. साहेबाला हाताला धरून, ओढत ओढत नेलं त्यांनी. आम्ही आया मागे. सर एकटे तिथेच उभे होते, पाठीला तक्ता, आणि तोंड असं झालेलं की जणू चोराच्याच घरी चोरी झाली होती.

अर्ध्या-पाऊण तासाने साहेब आला. बुटांना चिखल, सदऱ्याला पक्ष्याने दिलेला प्रसाद. मॅडमच्या उघड्या फाइलकडे बघून म्हणाला, "सॅटिसफॅक्टरी." मग थोडा विचार करून, "व्हेरी."

सर मटकन बाकावर बसले. आक्का त्यांच्याशेजारी बसल्या, डबा उघडला, पोळीचा घास करून त्यांच्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "काय म्हणतोय?"

"राहा म्हणतोय म्हातारे. दोघंही राहा."

आक्कांनी सुस्कारा सोडला. "मग मेले ते कामी आलं म्हणायचं."

साहेबाने कुतूहलाने विचारलं की त्या काय म्हणाल्या. सरांनी तोंडातला घास गिळला आणि भाषांतर केलं, "शी इज सेइंग, प्लीज टेक चपाती."